खालच्या टाकीत सोडलेली जागा

१

माशांच्या टाकीसाठी फिल्टर निवडणं हे काही फार मोठं काम नाही, असं दुकानदार मला तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा मला राग आला. चौतीस वर्षं मी कॉलेजात पाणी शिकवलं. ते नळीतून कसं वाहतं, कुठे अडतं, किती दाब देतं, हे शिकवून माझे केस पांढरे झाले. आणि हा माणूस मला खोकी दाखवत होता.

त्याला मी मनात बुडबुडे म्हणतो. त्याच्या पाठीमागे चाळीस टाक्या एकदम बुडबुडत असतात आणि त्याचं निम्मं बोलणं त्यात विरघळून जातं.

"सर, हा घ्या. डोळे झाकून घ्या."

"आणि डोळे उघडे ठेवून घ्यायचा असेल तर?"

तो हसला. मी हसलो नाही.

माझ्याकडे चार फुटी टाकी होती, त्यात सहा गोल्डफिश. आमची ही गेल्यानंतर घरात काहीतरी हलतं असावं म्हणून मुलीनं आणून दिलेले. गोल्डफिश दिसायला राजस असले तरी घाण फार करतात. काठाला टांगायचा छोटा फिल्टर त्यांना पुरत नव्हता. मला हवा होता संप. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कसला संप, बाबा? आता कोणाविरुद्ध?" तिला वाटतं माझं कोणाशी ना कोणाशी भांडण चालूच असतं. ते अगदी खोटं नाही.

हा संप म्हणजे खालची टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा असतो. पाणी त्याच्या कडेवरून आत सांडतं, पाइपातून खाली येतं, स्टँडच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरचं पाणी कधी कमीजास्त होत नाही. कडेवरून सांडत राहिल्यानं ते कायम एकाच उंचीवर असतं. जे काही व्हायचं ते खाली होतं. पाण्याची वाफ झाली की खालची पातळी उतरते, आणि वर तांब्याभर ओतलं तर खालची चढते. खालच्या टाकीवर एक पट्टी चिकटवली की सगळा हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

बुडबुडेकडे तयार खालच्या टाक्या होत्या, पण सगळ्या बुटक्या. मी त्याला विचारलं, "वीज गेली, पंप थांबला, तर वरच्या टाकीतलं कडेवरचं जादा पाणी खाली येणार. ते मावायला यात जागा कुठे आहे?"

"सर, एवढं कोणी बघत नाही."

मी बाहेर पडलो.

२

एवढं बघायला माझ्याकडे कारण होतं.

सहा महिन्यांपूर्वी टाकी भरताना नळी निसटली होती आणि पाणी फरशीवरून, भिंतीतून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलं. छताचा एक तुकडा त्यांच्या खुर्चीवर पडला. नशीब, खुर्चीत कोणी नव्हतं.

मुलगी आली, तिनं डॉक्टरीणबाईंची माफी मागितली, मग माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुमच्या हातून झालं यात कमीपणा नाही."

"माझ्या हातून झालेलं नाही. नळी निसटली."

"नळी लावली कोणी होती?"

मग तिनं अट घातली. पुन्हा एकदा जरी या घरात पाणी सांडलं, तर मी सामान बांधून तिच्याकडे जायचं. वाद नाही. तिच्या घरातली माझ्यासाठी ठरवलेली खोली मी पाहिली आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि कोपऱ्यात जावयाची व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळतात. या घरात मी चाळीस वर्षं राहिलो. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते मला अंधारात सापडतं. तरी मी शब्द दिला. दुसरं काय करणार? मला स्वतःलाही खात्री नव्हती की नळी मी नीट लावली होती.

म्हणून मी एक काचवाला शोधला. साठीचा, उजव्या अंगठ्याचं पेर काचेनं नेलेला. त्यानं माझा कागद हातात धरला आणि बराच वेळ वाचला. या एका गोष्टीसाठी मला तो आवडला.

"मास्तर, अकरा लिटरची जागा सोडायची म्हणता."

"अकरा. वर आणखी पाच, सावधगिरी म्हणून."

टाकी बसवल्यावर आम्ही पंप बंद करून पाहिलं. वरचं पाणी खळखळत उतरलं, खाली चढत गेलं आणि थांबलं. अकरा लिटर आणि वर पाव. कपाटाबाहेर थेंब नाही.

"बरोब्बर, मास्तर!"

मला प्राध्यापक म्हटलेलं आवडतं; पण त्या दिवशी मास्तरही गोड लागलं.

३

मी वही घातली. दिवसातून तीन नोंदी : सकाळी आठ, दुपारी चार, संध्याकाळी सात. चारला रक्तदाबाची गोळी असते, तेव्हा उठावंच लागतं. नोंद घेणं सोपं नाही. गुडघे टेकून कपाटात डोकं घालावं लागतं, चष्मा वाफाळतो, पंपाची घरघर थेट कानात घुसते. रोज साधारण एक लिटर पाणी उडतं. तेवढं मी सकाळी मापाच्या भांड्यानं भरतो.

आठ दिवस आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले.

नवव्या दिवशी चार वाजता पातळी सात मिलिमीटर वर होती.

मी चष्मा पुसला. सात मिलिमीटर. पंपाच्या कप्प्यात एक सेंटिमीटर म्हणजे सहाशे मिलिलिटर. तेव्हा चारशे वीस मिलिलिटर पाणी जास्त. मी काही ओतलं नव्हतं. संध्याकाळी सातला पाहिलं तर पातळी जिथे असायला हवी तिथेच.

पाणी वाढलं, हे एक वेळ समजू शकतं. माणूस वेंधळा असतो. पण वाढलं आणि परत गेलं? गेलं कुठे? पंपाच्या कप्प्यातून चारशे वीस मिलिलिटर पाणी फिरायला जाऊन येत नाही.

मी कारणं लिहिली. उन्हानं पाणी फुगलं असेल? त्यासाठी ते आठ अंशांनी तापायला हवं. तापमापक अर्धा अंशही हलला नव्हता. पंपाचा जोर कमी झाला असेल? बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं, जोर तोच. पट्टी घसरली असेल? नखानंही निघत नव्हती. शेवटचं कारण मी लिहिलं नाही, पण त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली.

४

बुडबुडेला फोन केला. हा माणूस चाळीस टाक्यांमध्ये राहतो, त्याला माहीत असेल, असा माझा भाबडा समज.

"सर, तुम्हीच पाणी टाकलं असणार नि विसरला असणार. माझे वडील पण असंच..."

"तुमच्या वडिलांचं मला सांगू नका."

"नाही, म्हणजे वयानं..."

मी फोन ठेवला. संतापात तो उलटा ठेवला गेला. आणि उलटा ठेवला हेही वयामुळेच, असं तो म्हणाला असता.

मुलीला सांगायचं नव्हतं, पण सांगून गेलो. तिनं आवाज एकदम मऊ केला. तिचा मऊ आवाज बुडबुडेच्या बोलण्यापेक्षा वाईट.

"बाबा, गोळ्या वेळच्या वेळी घेता ना?"

"गोळ्या घेतल्यानं पाणी वाढत नाही!"

"ओरडू नका. मी फक्त विचारलं."

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी स्वतःवर पहारा बसवला. स्वयंपाकघरातल्या नळाला शिवणाचा लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. मापाचं भांडं कागदात बांधून वर सही केली. दुपारी दोन ते चार खुर्चीत बसून राहिलो, मांडीवर पुस्तक, त्याचं एकही पान उलटलं नाही. चार वाजता दोरा जसाच्या तसा होता आणि सहीही तशीच.

पट्टीवर मात्र दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर जास्त.

तेव्हा मी निर्दोष. क्षणभर छाती फुगली. मग मनात आलं : मीच गाठ सोडून पुन्हा तशीच बांधली असेल तर? सही तर माझीच होती.

५

उकल झाली ती काचवाल्याकडून, आणि ती मला अजून झोंबते.

तो जोडांमधलं सिलिकॉन पाहायला आला होता. वही तिथेच उघडी पडली होती. त्यानं ती उचलली, अर्ध्या अंगठ्यानं आकडे खालपर्यंत तपासले आणि म्हणाला, "मास्तर, कुणीतरी हात घालतंय की."

"काय?"

"वरच्या टाकीत. हात घातला की खाली पाणी चढतं, काढला की उतरतं. आमचं रोजचंच आहे."

पाण्यात वस्तू बुडाली की तिच्याएवढं पाणी बाजूला सरतं. हे मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवत असे. चौतीस वर्षं. आणि इथे मी तीन आठवडे पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं याच्या मागे धावत होतो. पाणी आलंही नव्हतं, गेलंही नव्हतं. वर काहीतरी बुडत होतं, तेवढंच पाणी कडेवरून खाली येत होतं. ते बाहेर निघालं की पाणी परत वर जात होतं.

"घरात कोण असतं अजून?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मग स्वयंपाकाच्या बाई?"

"त्या सकाळी येऊन जातात."

तो डोकं खाजवत म्हणाला, "मग तुम्हीच," आणि हसला. वाईट मनानं नाही.

तो गेल्यावर मी न्हाणीघरात बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली आणि मनगटापर्यंत हात बुडवला. परातीत सांडलेलं पाणी मोजलं. चारशे वीस मिलिलिटर. कोपरापर्यंत बुडवला. एक हजार तीनशे ऐंशी. सहाशेनं भागलं. दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर.

आता कोणी म्हणेल, ही. लोकांना असं म्हणायला आवडतं. पण हिचा हात माझ्या निम्म्यानं होता, आणि माशांच्या पाण्याचा वास तिला मुळीच सहन होत नसे. तिच्या नावावर असलं काही खपवून घेणार नाही. म्हाताऱ्या पुरुषांचे हात साधारण सारखेच असतात, असं मी वहीत लिहिलं. एक आकडा जुळणं हा योगायोग असतो. दोन आकडे जुळले तर तिसऱ्याची वाट पाहावी, असं मीच शिकवलं आहे.

६

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी टाकीसमोर खुर्ची ओढली. यात एक अडचण होती, ती मला आधी सुचली नव्हती. टाकी पाहायची तर उभं राहावं किंवा बसावं लागतं. पट्टी पाहायची तर गुडघ्यांवर जाऊन डोकं कपाटात घालावं लागतं. दोन्ही एकदम एका माणसाला दिसत नाही.

काच स्वच्छ होती. पाणी स्वच्छ होतं. दुपारचं ऊन पडद्यातून टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर आलं होतं. चार वाजले. काही दिसलं नाही. फक्त कडेवरून सांडणाऱ्या पाण्याचा आवाज जरा भरल्यासारखा झाला.

आणि मासे डावीकडे गेले. सहाच्या सहा. मी खाणं टाकायला हात नेतो तेव्हा जातात तसे, शेपट्या हलवत, तोंडं उघडत. पण पाण्याच्या पृष्ठभागाशी नाही. ते मध्येच थांबले, आणि तिथल्या रिकाम्या पाण्याला तोंडं लावू लागले. एक मासा पलीकडे जायला निघाला. तो सरळ गेला नाही. वळसा घालून गेला.

मी खाली वाकलो. पट्टी साडेपाच सेंटिमीटर वर होती. तीन हजार तीनशे. खांद्यापर्यंतचा हात बादलीत मावत नाही. तो नंतर पिंपात बुडवून मोजला. सांगायला नको किती भरला.

पुढच्या आठवड्यात पातळी आठ लिटरनं चढली. हात मोठा होत नसतो. वहीत मी लिहिलं, ‘हात आणि डोकं’. मग ‘डोकं’ खोडलं. मग खोडल्याचा राग येऊन पुन्हा लिहिलं. आकडा आकडा असतो.

मला त्या वेळी भीती कशाची वाटली ते सांगतो, म्हणजे माझी पात्रता कळेल. खालच्या टाकीत जागा सोळा लिटरची. आठ या भलत्या गोष्टीनं खाल्ले. त्यात वीज गेली तर आणखी अकरा येणार. तीन लिटर पाणी फरशीवर, फरशीवरून डॉक्टरीणबाईंच्या नव्या छतात, आणि मी सायकलीवरच्या टॉवेलांशेजारी. माझ्या टाकीत कोणीतरी डोकं घालत होतं आणि मी तीन लिटरांचा विचार करत होतो. पण खरं सांगू? तेवढ्या एकाच गोष्टीवर मला उपाय ठाऊक होता.

७

"यात तर माणूस मावेल, मास्तर." काचवाल्यानं नवा कागद उलटसुलट करून पाहिला.

"माणूस नाही मावायचा. माणसाएवढं पाणी मावायचं आहे."

तो हसण्याची तयारी करत होता, माझं तोंड पाहून थांबला.

बाहत्तर लिटरची रिकामी जागा. अकरा वीज गेल्याचे. उरलेले एकसष्ट. माणसाचं अंग जितके किलो भरतं, जवळजवळ तितके लिटर पाणी सारतं. कुठल्या माणसाचं वजन धरायचं हा प्रश्न होता. आतापर्यंतचे सगळे आकडे ज्याच्याशी जुळले होते त्याचंच धरणं शास्त्राला धरून होतं. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या काट्यानं मला एकसष्ट किलो दाखवलं होतं.

"चार फुटी टाकीत गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय मावायचं नाही," मी म्हणालो.

"काय मावायचं नाही?"

"काही नाही. काच दहा मिलिमीटरची घाला."

नव्या टाकीच्या पट्टीवर मी सेंटिमीटर ठेवलेच नाहीत. भांड्यानं मोजून पाणी ओतत प्रत्येक लिटरला एक रेघ मारली आणि नेहमीच्या पातळीला लाल रेघ. बुडबुडेनं हे पाहायला हवं होतं. एवढं कोणी बघत नाही म्हणे!

मग मुलीला फोन केला. मला एक साक्षीदार हवा होता, वर पाहणारा. मी खाली पाहीन.

८

ती रविवारी दुपारी आली. हातात रिकामी बॅग.

"ही कशाला?"

"असू दे हो."

"मी काही सांडलेलं नाही."

"मी कुठे म्हटलं?" चपला दाराशी काढून ती अनवाणी आत आली. वही तिनं चाळली, ‘हात आणि डोकं’ या ओळीवर थांबली, आणि वही अगदी हळू मिटली. तेवढं हळू कोणी काही मिटलं की मला संताप येतो.

"चार वाजेपर्यंत थांब. मग तुला हवं ते म्हण."

"थांबते. पण आधी चहा घेऊ."

"आधी नाही. चार वाजत आलेत. तू इथे उभी राहा. टाकीकडे बघ. मी आकडे सांगतो."

मी गुडघे टेकले आणि कपाटात डोकं घातलं. पंपाच्या घरघरीत तिचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

"काय दिसतं?"

"मासे, बाबा."

"कुठे आहेत?"

"पाण्यात."

पातळी हलली. "एक," मी म्हणालो. "दोन. तीन. मासे कुठे गेले?"

"डावीकडे. बाबा, मासे जातातच कुठे ना कुठे."

"आठ! बघतेस ना?"

काही वेळ उत्तर आलं नाही. पाणी कडेवरून धो धो खाली येत होतं, पाइप गुरगुरत होता. पंधरा. वीस. माझा श्वास चढला. इतका वेग आधी कधी नव्हता. तीस. चाळीस. लाटा काचेवर आपटत होत्या आणि मी ओरडून आकडे सांगत होतो, परीक्षेचा निकाल वाचावा तसा.

"साठ! एकसष्ट! थांबलं. बघ, थांबलं! एक थेंब बाहेर नाही. वीज गेली तरी अकराची जागा शिल्लक आहे. आता सांग त्या दुकानदाराला! सांग मी विसरतो म्हणून! ऐकतेस ना?"

"हं," मागून आलं.

"नुसतं हं काय? माफी मागायला हवीस तू. नळीचंही. नळी मी नीट लावली होती."

"हं."

एवढ्यात पातळी उतरू लागली. पन्नास. तीस. बारा. मी शांत झालो. गोष्ट मांडून दाखवली की शांत व्हायला होतं. लाल रेघेपाशी पाणी आलं, आणि थांबलं नाही. रेघेखाली गेलं. अगदी थोडं. मी डोळे बारीक केले. पावपेक्षा जास्त. तीनशे मिलिलिटर.

"हेही बरोबर आहे," मी शिकवायच्या आवाजात म्हणालो. "ओलं अंग बाहेर आलं की थोडं पाणी अंगाला चिकटून येतं. साधारण पाव लिटर. कपडे असले तर जास्त. ते पाणी आता टाकीत नसतं. ते..."

मी थांबलो. माझं वाक्य मला ऐकू आलं.

माझ्या मागे, फरशीवर, टप् असं वाजलं. मग पुन्हा. अगदी जवळ. शर्टाच्या कॉलरमधून गार हवा मानेला लागली; टाकीचं झाकण उघडल्यावर येते तशी, शेवाळाचा वास असलेली.

"बाबा," मुलीचा आवाज आला, "साखर कुठे ठेवलीत?"

स्वयंपाकघरातून.

९

ती बाहेर आली तेव्हा मी अजून कपाटातच होतो. डोकं बाहेर काढायचं धाडस होत नव्हतं. काढलं तेव्हा माझ्या मागे कोणी नव्हतं. ती होती, दाराशी, हातात दोन कप.

"तू कधी गेलीस आत?"

"तुमचं तीन चाललं होतं तेव्हा. मासे डावीकडे म्हटलं आणि गेले. चहाचं आधण ठेवायचं होतं." मग तिची नजर खाली गेली. "अहो बाबा! हे काय? पुन्हा?"

टाकीसमोर पाण्याचं थारोळं होतं. तिथून ओली पावलं निघाली होती. बैठकीच्या खोलीतून, पुस्तकांच्या फळीजवळून, आतल्या खोलीकडे. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. परत येणारी पावलं नव्हती.

मी माझे मोजे पाहिले. कोरडे. गुडघे कोरडे. बाह्या कोरड्या. पावलांमधलं उजवं बाहेरच्या बाजूला फाकलेलं पडत होतं. पायाचं हाड मोडल्यापासून मी तसाच चालतो.

"ओल्या पायांनी घरभर फिरलात," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आता काय म्हणायचं आहे तुमचं?"

माझ्याकडे सगळं होतं. वही होती, पट्टी होती. कोरडे मोजे होते. पाय वर करून दाखवला असता तरी पुरलं असतं. इतके महिने मी या एका क्षणासाठी भांडलो होतो. आणि मोजे दाखवले असते, तर ती ‘मग ही कोणाची?’ म्हणत त्या पावलांमागून गेली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्यावरच गेली आहे.

"मीच," मी म्हणालो. "मीच सांडलं. विसरलो असेन."

तिचे डोळे भरून आले. ती जिंकली होती आणि तिला ते मुळीच नको होतं.

"चला मग माझ्याकडे. काही दिवस तरी."

"चल. आत्ता."

"आत्ता? चहा तरी... बरं, थांबा, कपडे भरते तुमचे." तिनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीकडे वळली. मी तिचा दंड धरला. इतका घट्ट की ती दचकली.

"कपडे नकोत."

"अहो, अंगावरच्या कपड्यांनी?"

"जावयाचे घालीन. चल म्हटलं ना!"

आत माझी कॉट आहे. तिची करकर मला पाठ आहे; बसताना एकदा, पाय वर घेताना एकदा. ती दोनदा वाजली. मुलगी तेव्हा चपला शोधत होती.

दाराला कुलूप लावताना किल्ली भोकात जाईना, तेव्हा तिनं ती माझ्या हातातून घेतली. जिन्यात ती म्हणाली, "आणि माशांचं काय? रोज सकाळी पाणी भरायचं असतं ना त्यात? खाणं?"

"तो भरेल," मी म्हणालो.

"कोण? तुमचे काचवाले?"

"हं," मी म्हटलं. आणि मघाशी मागून आलेला तोच आवाज ऐकून जिन्याचा कठडा धरला.